खडी उकरताना

उंटांची खिंड म्हणतात हिला, तो-आशू.
उंट गेले. आता कामाझ येतात
ओशहून, जलालाबादहून,
कांदे, कापूस, खरबुजं लादून.
वर बोगद्याशी धापा टाकतात
आणि मग माझ्या बाजूला उतरतात.

चढ कुणालाही जमतो.
इंजिन ओरडतं, पाणी उकळतं,
माणूस आपोआप सावध राहतो.
उतार मात्र गोड बोलतो.
सरळ पट्टा दाखवतो, खाली दूर गावाचे दिवे दाखवतो,
म्हणतो, सोड की जरा सैल,
घरीच तर चालला आहेस.

मी बुरुलचा. रस्तेखात्याची नारिंगी बंडी,
एक फावडं, एक दाताळं.
सहाव्या वळणानंतर डाव्या हाताला
डोंगरात वर घुसलेली खडीची पट्टी आहे,
ज्याचे ब्रेक गेले त्याच्यासाठी.
ती भुसभुशीत ठेवायची.
एवढंच माझं काम.

रात्री दंव पडतं आणि खडी आवळून बसते.
तशीच राहिली तर गाडी तिच्यात रुतणार नाही,
वरून निघून जाईल.
म्हणून रोज सकाळी मी ती उकरते,
पेरणीआधी उकरावी तशी,
पेरायचं काहीच नसताना.

गाड्या मला वासावरून कळतात.
गोडसर वास म्हणजे रेडिएटर.
करपलेल्या लोकरीचा, म्हणजे लायनर तापलाय.
शिंग जळल्यासारखा आला
की मी दाताळं टाकते आणि कठड्यापलीकडे होते.

तोक्तोसुनच्या गाडीला वासच नसतो.
इंजिन गुरगुरत, पायी चालणाऱ्याच्या वेगाने येतो,
थांबतो, एकेका चाकाजवळ पालथा हात धरतो,
पोराचा ताप बघावा तसा.
ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरायचं, म्हणतो.
ब्रेक म्हणजे पाहुण्यासाठी ठेवलेली साखर.
रोज खाल्लीस तर पाहुणा दारात
आणि डबा रिकामा.
मग दोन वाडगे कुमिस पितो
आणि एकाचेच पैसे काढतो.

एर्नझारला हे कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल,
पण डिझेल मालक त्याच्या पगारातून कापायचा,
म्हणून तो बोगद्यापासून न्यूट्रलमध्ये आला.
सप्टेंबरची रात्र. आधी हॉर्न ऐकला,
लांबच लांब, न तुटणारा.
इंजिनाचा आवाज नव्हता. त्यानेच मी उठले.

खडीचा आवाज कसा असतो सांगू?
खूप माणसं एकदम श्वास आत ओढतात, तसा.
मग खरबुजं. एकेक. टणटण, फट्.
मग काही नाही.

तो उतरला. बावीस वर्षांचा.
चाकं आसापर्यंत गाडलेली.
माझी बंडी बघून म्हणाला,
आपा, इथे शिरायचे पैसे पडतात का?
नाही रे, म्हटलं.
मग तो ओकला. मग खाली बसून
फुटलेली खरबुजं मोजू लागला.

गाडी ओढून काढायला दोन दिवस गेले.
मागे राहिले दोन चर, गुडघ्याएवढे खोल.
ते भरून, सारं पुन्हा मोकळं करायला
मला आठ दिवस लागले.
त्या आठ दिवसांत वर कुठेही हॉर्न वाजला
की हातातलं दाताळं थांबायचं.

साहेब आले, वही उघडली.
वर्षभरात किती गाड्या शिरल्या?
एक.
एकच?
त्यांनी लिहून घेतलं. कसं लिहिलं, माहीत नाही.

जूनमध्ये खडीतून खरबुजाचे कोंब वर आले,
दोन दोन पानांचे, चुकीच्या उंचीवर.
मी उकरले. काय करणार,
मुळं खडी धरून ठेवतात.

एर्नझार परवा गेला इथून, दुसऱ्या कुणाची तरी गाडी घेऊन.
थांबला नाही. नुसता छोटा हॉर्न दिला.
इंजिन चालू होतं, गुरगुरत होतं, नीट ऐकलं मी.
डिझेल आता कोण भरतं,
ते मात्र विचारायचं राहिलं.