ठिबक

बिलॉक्सीचा ऑगस्ट. सकाळी सहालाच हवा
ओल्या टॉवेलसारखी अंगावर पडते.
एसी रात्रीतून मुकाट बंद पडला होता:
माळ्यावरच्या ट्रेमध्ये पाणी चढलं,
तरंगता खटका उचलला गेला, संपलं.

शेजारच्या व्हर्लीनबाई आल्या, गाउनवरच,
छत्तीस वर्षं शाळेची बस वळवलेले हात.
पांढऱ्या पाइपाचं टोपण मला निघेना.
त्यांनी एका हिसक्यात काढलं.

मग बाहेर, भिंतीपाशी, पाइपाच्या तोंडाला व्हॅक्यूम,
भोवती फडकं गच्च धरून.
घरघर. घरघर. एक गचका,
आणि डब्यात उतरलं काहीतरी बुळबुळीत,
हातभर लांब, जवळजवळ जिवंत.

"हे काय?"
"तुम्हीच," म्हणाल्या. "भाताची वाफ. ओले केस.
तुझ्या बायकोचं परवाचं रडणं.
भिंत एकच आहे आपली, खोआ."

मी गप्प. माळ्यावर चढून
कपभर व्हिनेगर ओतून आलो.
ब्लीच त्यांनी आणूच दिलं नव्हतं:
खाली, ठिबकाच्या जागी, पुदिना माजलाय
आणि त्यात नखाएवढा हिरवा बेडूक.

संध्याकाळी यंत्र पुन्हा घुमू लागलं.
तुएतला म्हटलं, जरा बाहेर ये.
का, ते सांगता आलं नाही.
ती आली. भिंतीपाशी उकिडवे बसलो दोघं.
बराच वेळ काहीच नाही.
मग पाइपाच्या ओठावर एक थेंब जमला,
लोंबला, थरथरला,
पडेना.