बदली

साडेनऊला कुलूप काढते आणि आधी नाक दाबते.
मर्कॅप्टोच्या बाटलीचं बूच
वसावाभाईंनी रात्री पुन्हा सैल ठेवलंय;
सडक्या अंड्याचा वास पार फतेगंजच्या रस्त्यापर्यंत.

नळीत लाल. भिजल्या विटेचा लाल.
चोपन्न दुव्यांची एवढीशी साखळी,
तिच्या पोटात लोखंडाचा एकच अणू,
चार गंधकांनी धरलेला,
बोटांच्या चिमटीत सुपारीचं खांड धरावं तसा.

आम्ल घातलं. लाल गेला.
तळाला पांढरा साका, फाटलेल्या दुधाचा.
धुतला, विरघळवला, लोखंडाच्या जागी जस्त दिलं.

पडद्यावर दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवल्या:
वळण तेच, पीळ तोच.
जस्ताचा हात केसभर लांब, तोही
अँगस्ट्रॉमच्या दुसऱ्या दशांशात.
कॅडमियमला जास्त जागा लागली,
चारी गंधक बाहेर रेटले गेले,
शेजारचे हायड्रोजन बंध कुरकुरत सरकले,
घडी मोडली नाही.
कोबाल्टने तर हिरवं केलं.
"बेन, आ तो मेंदी," वसावाभाई म्हणाले.

वहीत लिहिलं: रचना शाबूत.
वही फणसे मॅडमची. खुर्चीही.
दीड वर्ष त्या रजेवर आहेत
आणि आदेशात माझ्या नावापुढे कंसात: बदली.
खुर्ची मी दोन बोटं खाली घेतली,
बाकी तास, हजेरी, चहाची वर्गणी, सगळं जागच्या जागी.
दारात मुलं अजून विचारतात,
"मॅडम आहेत?"
मी म्हणते, आहे ना.
"नाही, त्या."

जस्ताला एक जमत नाही.
लोखंड इलेक्ट्रॉन घेतं, फिकट होतं,
देतं, पुन्हा लाल.
जस्त नुसतं बसतं. सभ्य, घट्ट,
कधी लोखंडाहून टिकाऊ.
आणि यात त्याचा काय दोष?
जिवाणूच, वाढीच्या रसात लोखंड कमी पडलं की
मिळेल ते जस्त बसवून मोकळा होतो.

दुपारी फोन आला. आवाज खोल, दम लागलेला.
रचनेचं सांगायला लागले तर म्हणाल्या,
"ते असू दे गं. रंग आहे का?"

मी नळी खिडकीशी धरली.
पलीकडचा वड
पारंब्यांसकट स्वच्छ दिसत होता.