श्वास रोखा

मराठीतलं पहिलं वाक्य मी शिकलो ते
"श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा."
अकरा वर्षं झाली, अजून दिवसाला साठ वेळा म्हणतो,
हळदीच्या पेठेतल्या हमालाला,
उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या पोराला,
कान मोडलेल्या पैलवानाला, जो सुईला घाबरतो.
सगळे ऐकतात. रोखतात.
कधीकधी मीच "सोडा" म्हणायला विसरतो
आणि काचेपलीकडून एखादी म्हातारी
गाल फुगवून माझ्याकडे बघत राहते.

मिरजेत उतरलो त्या दिवशी
स्टेशनपासून चालतच निघालो होतो.
सतारीच्या गल्लीत दुकानांच्या छताला
वाळलेले भोपळे टांगलेले, गोल, पिवळट, ओळीनं.
वाटलं, वा, ह्या गावात फुटबॉलची एवढी दुकानं!
आत शिरून किंमत विचारली.
दुकानदार हसला नाही. बसा म्हणाला.
चहा पाजला, गाव विचारलं, पगार विचारला,
लग्न झालंय का, नसेल तर का नाही,
आणि मी उठता उठता म्हणाला,
"ह्याला लाथ मारायची नसती ओ."

आमच्या अरीकोडला
भात कापून झाला की शेतात बांबूची गॅलरी उभी राहते.
सात-सात जणांचा खेळ, रात्री, मोठ्या दिव्यांखाली,
दव पडलेलं, चेंडू साबणासारखा.
माझा मामा गोल हुकला तेव्हा
मच्छीवाल्यानं आठवडाभर त्याला मासे दिले नाहीत.
इथे मी हुकलो तर म्हणतात,
"असू दे की. जेवलासा का?"

जेवलो का, हे दिवसातून वीसदा विचारतात.
उत्तरासाठी कुणी थांबत नाही.
आणि "बघू" म्हणजे नाही,
हे कळायला मला तीन वर्षं लागली.
एक भाड्याची खोली आणि एक स्थळ त्यात गेलं.
परवा उम्मा फोनवर म्हणाली, ईदला येतोस ना?
मी म्हणालो, बघू.
मल्याळममध्येच म्हणालो,
पण सूर मिरजेचा होता.
ती गप्प झाली.
तिला तीन वर्षं लागली नाहीत.

रविवारी दवाखान्याच्या मागच्या मैदानावर
आमचा गोलकीपर मुबीन शिकलगार.
त्याचा बाप तानपुऱ्याची जवारी काढतो,
घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो;
केसभर जास्त घासली की सगळं पहिल्यापासून.
मुबीन हल्ली त्याच्या शेजारी बसतो.
कामाला तीच बोटं, गोलला तीच.
म्हणून मी जरा बाहेरच मारायचो.
मुद्दाम. निदान मी स्वतःला तसं सांगायचो.

गेल्या रविवारी चेंडू असा लागला पायावर,
इतक्या वर्षांनी,
की पायाला गाव आठवलं.
त्यानं अडवला.

सोमवारी चिठ्ठीवर त्याचंच नाव.
उजवा हात, अनामिका.
शिशाचा एप्रन चढवला,
त्याचा तळवा प्लेटवर ठेवला,
बोटं एकेक करून अलगद पसरली.
हाताच्या फोटोला श्वास रोखावा लागत नाही.
तरी मी म्हणालो, "रोखा."
त्यानं रोखला.
बाहेर बाकावर बापानंही रोखला असावा.

पडद्यावर रेघ आली. केसाएवढी.
काय दिसतंय ते डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही.
माझ्या छातीवर एक बिल्ला आहे,
मी किती किरणं सोसली ते मोजतो,
तीन महिन्यांनी तपासायला जातो.
बाकीचं कुठे पाठवायचं, कुणी सांगितलेलं नाही.

"पण अडवला का न्हाई, ते सांगा," मुबीन म्हणत होता,
सुजलेलं बोट छातीशी धरून, हसत.

म्हातारा दारात आला.
"काय दिसतंय, साहेब?"
मी म्हणालो, बघू.
मग त्याचा चेहरा बघून, दुसरं काही सुचेना म्हणून,
"जेवलासा का?"

"न्हाई," तो म्हणाला. "तुम्ही?"

आणि उत्तरासाठी थांबला.