टाकत नाही, खाते

गुदैबियाच्या खोलीत चार खाटा
आणि माझ्या खाटेखाली एक काचेची पेटी.
रोडेलचा करार संपला, विमानात हिला नेता येईना.
जाताना म्हणाला, भाई, नऊ वर्षांची आहे, त्रास देत नाही,
फक्त पिवळी जाऊन पांढरी पडली तर घाबरू नकोस.

हेमांगीला व्हिडिओवर दाखवली.
ती देवरुखच्या ओट्यापासून दोन पावलं मागे सरली.
"अंगावर पडली तर पंचांग उघडावं लागतं,
आणि तुम्ही तिला अळ्या भरवताय?"
म्हटलं, ही पडायची नाही. हिला भिंत चढताच येत नाही.
बोटं चिकटत नाहीत हिची, आणि डोळ्यांना पापण्या आहेत,
मिटते, उघडते, दुपारच्या मुकादमासारखी.

चुकचुकतही नाही.
शंका काढायची तर आपली आपण.

शेपूट बघत जा, रोडेल सांगून गेला होता.
जाड असली की घरात दाणागोटा आहे समजायचं.
अळीला कॅल्शियमची पूड लावायची, पानाला चुना लावतो त्या बेतानं,
नाहीतर हाडं मऊ पडतात.
एका टोकाला फरशी गरम, दुसऱ्या टोकाला गार,
कुठे बसायचं ते तिचं ती ठरवते.
वयानं भूक कमी झाली, चालेल.
शेपूट बारीक झाली, चालणार नाही.

जुलैत पांढरी पडली. पिठात लोळल्यासारखी.
बाहेर समुद्राची वाफ, दारातच चष्म्यावर धुकं,
आत चोवीस तास एसी, ओठ तडकतात.
एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन ऋतू.
रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात बघितलं:
घामट बनियन डोक्यावरून काढावा
तशी ओढत होती स्वतःला तोंडानं,
आणि काढलेलं गिळत होती.

आपण म्हणतो, कात टाकली.
ही टाकत नाही. खाते.
मागे पुरावा ठेवत नाही.

पण पुढच्या डाव्या पायाच्या तीन बोटांवर राहिली,
कोरडी, घट्ट, दोरा आवळल्यासारखी.
मागच्या पायाचं एक बोट आधीच अर्धं आहे.
कधीतरी कुणीतरी बघितलं नसेल.

मी लॉन्ड्रीत इस्त्रीवाला, बावीस वर्षं.
वाळून कडक झालेल्या कापडाशी झोंबायचं नसतं, एवढं कळतं.
पाणी शिंपडायचं, गुंडाळून ठेवायचं, थांबायचं.
दह्याच्या डब्याला दार कापलं, आत ओला टिश्यू,
त्यावर माझ्याच फवाऱ्याची बाटली, सकाळ-संध्याकाळ.
मग बशीत कोमट पाणी, मनगटावर बघून,
वीस मिनिटं,
आणि कानातली काडी, बोटाच्या मुळाकडून टोकाकडे,
शमशुल वरच्या खाटेवरून ओरडतोय, अरे, देवाला तरी इतकं जपतोस का.
दोन सुटली.
तिसऱ्याला उद्या.

उद्या माझी ओळखपत्राची तारीख होती.
काचेवर अंगठा ठेवला, लाल दिवा.
पुसून ठेवला, लाल.
तर्जनी, लाल.
ब्लीच, वाफ, बावीस वर्षांचे पांढरे थोब,
रेषा कुठे गेल्या काय माहीत,
टाकल्या की खाल्ल्या.
काउंटरवरची मुलगी, पट्टीवर नाव झहरा,
मोडक्या हिंदीत म्हणाली, बाबा, क्रीम लगाओ, एक हफ्ता बाद आओ.
बाबा. मी अठ्ठेचाळीसचा.

संध्याकाळी दोघं बसलो कोमट पाण्यात,
ती बशीत चार पायांनी, मी वाटीत दहा बोटांनी.
शमशुल आज काही बोलला नाही.
त्यानंच क्रीमची ट्यूब खाली टाकली.

तिसरं सुटलं.
काडीच्या टोकावर एवढंसं पांढरं,
बाहुलीचा मोजा असावा तसं.
तिच्यापुढे धरलं.
तिनं हुंगलं, पापण्या मिटल्या, तोंड फिरवलं.

शेपूट जाड आहे.
आठवड्यानं बघू.