तारीख लावा

डबा उघडला तर आत कॅमेरा,
वांग्याच्या सालीसारखा जांभळा, चकचकीत,
साबणाच्या झिजल्या वडीएवढा.
पेन्शनच्या थकबाकीतून औरंगाबादहून आणलेला.
सेलूच्या स्टँडवर उतरेपर्यंत
आप्पांनी तो आतल्या खिशातून काढला नव्हता.

चौदा मेगापिक्सेल, ते म्हणाले,
पूर्वी म्हणायचे तसंच : पट चौदा, हजर अकरा.

झूम पाचपट.
गच्चीवरून मोंढ्यातल्या काट्याचा आकडा वाचता यायचा.
मापाडी बब्रुवाननं एकदा वर पाहिलं
आणि लांबूनच हात जोडले.

जवळचं पाहायचं तर फुलाचं चिन्ह :
कणसावरची माशी, तिच्या पायाला चिकटलेलं कूस,
आईच्या बोटावर सुईचा जुना वण.
'हात थरथरला तरी चित्र हलत नाही'
हे वाक्य माहितीपुस्तकातून
त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

दृश्यांची यादी होती : समुद्रकिनारा, बर्फ, फटाके, पाळीव प्राणी.
आमच्याकडं बर्फ कुठला,
रसवंतीवर फोडतात तेवढाच.
पण मे महिन्यात दुपारी दोनला
शाळेचं पटांगण
'बर्फ'वर ठेवल्यावरच नीट आलं.

आणि समोरचा हसला की फोटो आपोआप.
आमच्या घराण्यात फोटोत कुणी हसत नाही.
आप्पा वाट बघत बसायचे,
कॅमेराही.

जमलं नाही ते एकच.
चालू केला की तो म्हणायचा : तारीख लावा.
आप्पा 'नंतर' दाबायचे.
म्हणून प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत
०१/०१/२००८.
बाळूचं जावळ, एक जानेवारी.
आत्याच्या डोळ्याची पट्टी, एक जानेवारी.
शेजारच्या कमरुन्निसाचा साखरपुडा,
दुधनेला आलेलं गढूळ पाणी,
सगळं एकाच दिवशी उरकलेलं.

मग कागदांची पिशवी घेऊन शेवंता आली,
अंगणवाडीतली मदतनीस, आप्पांच्या दुसऱ्या तुकडीची.
"एक जूनला घरी बसवायलेत गुरुजी.
माय म्हणायची, पोळ्याच्या करीला झालीस,
त्या दिवशी गाय हरवली होती.
माझी खरी तारीख काय हो?"

आप्पा बराच वेळ पिशवीकडं बघत राहिले.
"बापाला विचारलं तर म्हणायचा,
भुईमूग काढायलो तवा झालं.
शाळा जूनची. सहा वर्षं भरायला पाहिजेत.
रांग दारापर्यंत."
मग हळूच,
"तीनशे बारा लेकरं. एकदा मोजली होती."

मी मेनूत शिरून तारीख शोधली होती.
"लावू का आप्पा? आज सव्वीस ऑक्टोबर."
"दे इकडं."
दिवस एक. महिना सहा.
अंगठा सवयीनंच तिथं थांबला.
वर्ष मागं, मागं न्यायला लागले,
दोन हजारला बटण अडलं.
पुन्हा दाबलं. जोरात दाबलं.
त्याच्या मागं जायची त्यात सोयच नव्हती.

"राहू द्या गुरुजी," म्हणत शेवंता हसली,
आणि कॅमेरा, मेनू बंद करून
आप्पांनी नुसताच तिच्याकडं धरलेला,
चकाकला.

पुढचा एक दात नाही.
कोपऱ्यात ०१/०६/२०००.
"चांगला आलाय," आप्पा म्हणाले
आणि झूम करत गेले, करत गेले,
कपाळ, भुवई, भुवईचा एक केस,
मग नुसते चौकोन,
करडे, तांबूस, एकमेकांना खेटून.