चंद्र खोडताना

पहिल्या प्रकरणात मी चंद्र ठेवला होता.
भरघोस, बंदरभर सांडलेला.
तो नसता तर हाल्वार बोटीवर चढताना
दिसला कुणाला असता?

मग वार्दोच्या हवामान केंद्रात, तळघरातल्या
एका ओलसर खोक्यातून ती वही निघाली.
निळी शाई, तिरके आकडे.
अकरा फेब्रुवारी, रात्रीचे नऊ.
वारा वायव्येचा, जोर पाच. बर्फ.
आभाळ : आठापैकी आठ.
म्हणजे गच्च. फटसुद्धा नाही.

दोन वर्षं मी जो जपून पाजळत ठेवला होता
तो कुण्या कारकुनानं
माझ्या जन्माआधीच फुंकर मारून विझवला होता.

आठवडाभर रुसून बसले.
मग एका पहाटे (तिकडे तेव्हा पहाट दहाला होते)
बर्फ पडत असताना, दिवा न घेता
धक्क्यावर जाऊन उभी राहिले.
पावलं आली. कोण, कळेना.
मग तो खोकला,
आणि मी म्हटलं, अरे, हा तर मासळी तोलणारा ईवर!

हाल्वारलाही धक्क्यावरच्या तिघांनी
खोकल्यावरूनच ओळखलं असणार.
तीन ओळी लिहिल्या, आणि बोट सुटली.

मग हाव सुटली मला.
मिठाचा भाव, दोराची जाडी,
तारेतल्या एका शब्दाला किती पैसे,
बुडालेल्यांच्या नावाचं प्रवचन कोणत्या रविवारी.
टिपणांच्या अकरा वह्या. पुस्तकात गेलं ते वाटीभर.
उरलेले दगड बोटीच्या तळाशी लागतातच,
असं मी अनुदानवाल्यांना लिहून कळवलं.

त्या दगडांत हा एक होता :
आस्लाक्सनच्या दुकानाची उधारीची वही.
हाल्वार. दोर, वीस वाव. मीठ. तंबाखू.
लोकरी हातमोजे, एक जोड, बायकी मापाचे.
सगळ्यावर एक आडवी रेघ, वेगळ्या शाईची,
आणि शेजारी : फिटले. मे महिना.

मे?
बोट तर फेब्रुवारीतच गेली होती, माणसांसकट.

पाल चुकचुकते म्हणतात ती अशी.

सहा महिन्यांनी किर्केनेसच्या वृद्धाश्रमात
ओडब्यर्गच्या समोर बसले.
ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही,
सरळ विचारलं.
तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं,
बर्फ खरवडणारी गाडी मागेपुढे करत होती.
म्हणाली, मीच दिले. मासळी साफ करून साठवलेले.
एकोणीस वर्षांची होते.
आणि मग : बंद कर ते यंत्र.
माझा नवरा गेला, त्याला माहीत नव्हतं.
मुलांना नाही. तू लिहू नकोस.

मी यंत्र बंद केलं.
परतीच्या बसमध्ये हातमोजे काढलेच नाहीत.

संग्रहालयासाठी जो इतिहास लिहिला
त्यात एवढंच आहे :
उधारी मे महिन्यात फिटली. कुणी फेडली, याची नोंद नाही.
वाक्य खरं आहे. खरंच नोंद नाही.
तरी ते टाइप करताना कान गरम झाले.

कादंबरीत हाल्वार उघड्या हातांनी दोर सोडतो.
हातमोजे कुठे गेले, तो कुणाला सांगत नाही.
एका समीक्षकानं लिहिलं,
इथे लेखिकेची कल्पनाशक्ती विशेष खुलते.

आता तुम्ही म्हणाल,
मग इथे कसं सांगितलंस सगळं?

तिचं नाव ओडब्यर्ग नाही.
गाव किर्केनेस नाही.
मे नाही, आस्लाक्सन नाही,
आणि ती वस्तू हातमोजे तर मुळीच नव्हती;
खरी कोणती, ते तिच्याबरोबर
गेल्या हिवाळ्यात मातीत गेलं.
(जमीन गोठली होती. पुरायला एप्रिलपर्यंत थांबले.
हे मात्र विचारून घेतलंय.)

चंद्र नव्हता, एवढं खरं.
आठापैकी आठ.