मधली बाई

नोव्हेंबर. सालोच्या वाचनालयात मंगळवारी चारलाच
खिडक्या काळ्या होतात.
सहा म्हातारी माणसं समोर बसतात,
बुटांचा बर्फ वितळून
फरशीवर सहा तळी.

फळ्यावर लिहिलं : ऑपरेटिंग सिस्टीम.
आणि अडकलो.
अठरा वर्षं कारखान्यात फोन तपासले मी,
पाडले, बुडवले, फ्रीजरमध्ये गोठवले;
हा शब्द कुणाला समजावून सांगायची वेळ
कधी आली नव्हती.

म्हटलं, खाली यंत्र असतं. चिप, पडदा, बॅटरी.
वर तुम्हाला हवं ते. पत्र, हिशेब, नातवाचा चेहरा.
दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.
मध्ये कुणीतरी लागतं.
"दुभाष्या?" एइनारी.
दुभाष्या. शिवाय कोठारावरचा कारकून,
शिवाय दारावरचा रखवालदार.
"तीन कामं, एकच गडी?
युनियन नाही वाटतं त्याची."

मग नावं सांगितली. विंडोज, मॅक, लिनक्स.
लिनक्स म्हणताच दोघंजण खुर्चीत जरा ताठ झाले,
आपल्याकडचं म्हणून.
फोनमध्ये अँड्रॉइड, नाहीतर आयओएस.
हेल्वीनं वहीत उतरवून घेतलं,
बागेतल्या रोपांची नावं लिहावीत तसं.

मागून आउने म्हणाली, "म्हणजे मी."
ब्याऐंशी वर्षांची. हातमोजे अजून हातातच.
"काय तुम्ही?"
"पासष्ट साली पेर्निओचं टेलिफोन एक्स्चेंज.
समोर साठ भोकं, हातात दोऱ्या, कानाला पट्टा.
दिवा लागला की दोरी खुपसायची,
विचारायचं, कोण हवंय?
कुणाची तार कुठल्या भोकात
हे ना शेतकऱ्याला ठाऊक ना पाद्र्याला.
दोघांना वाटायचं, आपण थेट बोलतोय."

मी पेन खाली ठेवलं.
"आणि एकदम चार दिवे लागले तर?"
"तिघांना थांबा म्हणायचं,
पण असं, की प्रत्येकाला वाटावं
त्याच्यावाचून मला दुसरं कामच नाही.
दवाखान्याचा दिवा लागला
की बाकी सगळे मागे."
पुस्तकात याला मोठाला शब्द आहे.
तो मी खिशातच राहू दिला.

"फोनमधली कशी मग?"
तीच बाई, म्हटलं, पण मोजक्या तेलात दिवा पुरवणारी.
पुढ्यातलं ॲप जागं ठेवते, मागची निजवते.
आणि संशयी. टॉर्चचं ॲप तुमच्या फोनमधले नंबर मागू लागलं
तर तुम्हाला विचारते, देऊ का?
घाईघाईत 'हो' दाबू नका.

"मला कुणी विचारलं नाही," आउने म्हणाली.
"मला सगळं ऐकू यायचं.
कुणाची गाय मेली, कुणाचं कर्ज थकलं,
रात्री अकराला कोण कुणाला फोन करतं.
साठ वर्षं होत आली. नाही बोलले कुणापाशी."
मग फोनकडे बघत :
"ही पण गप्प राहते का?"

खोलीत हीटरची घरघर तेवढी.
सेटिंग्ज उघडा, मी म्हणालो. बघू या.
आणि बघता बघता
पाऊण तास गेला.

सांगायचं राहिलंच : माझ्या खणात एक जुना फोन आहे.
त्यातली सिस्टीम आम्ही वर्षानुवर्षं तपासली,
आता ती कुणी चालवत नाही.
चालू केला तर अजून सुरू होतो,
वेळ विचारतो, तारीख विचारतो,
पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही.
आउनेच्या जागीही शेवटी
एक करडं कपाट आलं होतं.
दोऱ्या तिनेच गुंडाळून दिल्या.

वर्ग सुटला. एइनारी कोट चढवून दारात,
फोन हातात, अपडेट चालू,
सदतीस टक्के.
"बंद करू का? बस जाईल माझी."
मी तोंड उघडायच्या आत
आउने, हातमोजे ओढत,
त्या जुन्या, सपाट, गोड आवाजात :
"थांबा."
आणि तो थांबला.